न पडलेला पाऊस मैदानाच्या इतिहासातून कमी करून मिळणेबाबत

दि. १८ एप्रिल २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष,
इतिहास व विक्रम नोंद समिती,
हिंगणमाळ आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान,
सोलापूर.

अर्जदार : सौ. विजयमाला जोतिराम सरगर, रा. कोरेवस्ती, हिंगणमाळ.
व्यवसाय : शेळ्या-मेंढ्या पाळणे व सध्या अर्ज लिहिणे.

विषय : दि. १० मार्च रोजी मैदानावर न पडलेला पाऊस मैदानाच्या इतिहासातून कमी करून आमच्या वस्तीचा टँकर पुन्हा सुरू होण्यास मदत करणेबाबत.

संदर्भ : १) आपली पुस्तिका, ‘मैदानाचा इतिहास व विक्रम’, पान ९.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर : निरंक).

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून कळविते की मला क्रिकेटमधले काही कळत नव्हते. या अर्जापुरते ते मी माझे पती जोतिराम यांच्याकडून शिकून घेतले आहे. सामना लागला की त्यांना मेंढरे कोणाच्या रानात शिरली याचे भान राहत नाही, तेव्हा त्यांचे ज्ञान प्रमाण मानण्यास हरकत नसावी.

२. आपले मैदान आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुस्तिकेत मैदानाचा इतिहास भूमिपूजनापासून सुरू होतो. त्याआधी तेथे गायरान होते व आमची मेंढरे चरत, हे त्यात नाही. त्याबद्दल तक्रार नाही, कारण मेंढरांनी तेथे कोणताही विक्रम केलेला नाही. उलट मैदान झाले तेव्हा आम्हाला आनंदच झाला. रस्ता झाला, दिवे आले (ते सामन्याच्या दिवशी लागतात असे ऐकले आहे) आणि सोयऱ्यांना वस्तीचा पत्ता सांगणे सोपे झाले.

३. मार्चमध्ये मैदानावर पहिला आंतरराष्ट्रीय सामना ठरला. परदेशी संघ येणार, आणि गवत तर पिवळे पडलेले. आपले सचिव श्री. शरणप्पा स्वतः वस्तीवर आले. आमच्याकडे एक दिवसाआड येणारा टँकर तीन खेपा मैदानाला द्यावा, देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे, असे ते म्हणाले. वस्तीत कुरकुर झाली. देशाची अब्रू आमच्या टँकरवर कशी येऊन ठेपली, असेही एकजण म्हणाला. तेव्हा माझ्या सासूबाई मायाक्का, ज्यांच्या वयाची नोंद कोठेच नाही पण ऐंशीच्या पुढे असाव्यात, एवढेच बोलल्या, “पावणं येनार म्हनल्यावर पाणी नगं व्हय द्याया?” त्यानंतर वस्तीने तिन्ही खेपा मैदानाला दिल्या. आमच्यात दारात वैरी आला तरी आधी तांब्या पुढे करतात, मग कशाला आलास ते विचारतात. त्या दिवसांत आम्ही दगडखाणीतले मचूळ पाणी आणले व मेंढरांना एक वेळच पाजले. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात. येथे आयजीही आम्हीच होतो आणि बायजीही आम्हीच.

४. सामन्याच्या सकाळी तिसरी खेप आली. टँकरवाला अजिनाथ याने टँकर मैदानात घेतला व कडेच्या गवताला पाणी द्यायला कॉक उघडला. तेवढ्यात स्वागताची कमान एका बाजूने सुटली, आणि ती बांधायला त्यालाच पिटाळण्यात आले. त्याचा जबाब सोबत जोडला आहे, तो असा : “कॉक चालू हाय म्हनून मी दोनदा सांगितलं की. सायेब म्हनले, आदी कमान बांद, पावणं आल्यात.” कमान भक्कम बांधली गेली, ती आजही उभी आहे. मैदानाचा उतार मात्र कडेकडून मधे आहे. सगळा टँकर खेळपट्टीवर जाऊन थांबला. पंच पाहणीला आले तेव्हा त्यांतल्या परदेशी पंचांचा एक बूट चिखलात राहिला. बूट निघाला, सामना रद्द झाला.

५. येथपर्यंत जे झाले ते कोणाच्याही घरी होते. लग्नघरीसुद्धा ऐन वेळी वरण सांडते. पण वरण सांडले तर सांडले म्हणावे, पाऊस आला म्हणू नये. आपल्या पुस्तिकेत पान ९ वर ‘पावसामुळे एकही चेंडू न टाकता सामना रद्द’ अशी नोंद आहे, खाली दोन्ही पंचांच्या सह्या आहेत आणि शेजारी छत्र्या घेतलेल्या प्रेक्षकांचा फोटो आहे. फोटोखाली ‘भर पावसातही उत्साह कायम’ असे छापले आहे. त्या फोटोत डावीकडून दुसरी, काळी, मुठीला दोरी बांधलेली छत्री आमची आहे. ती जोतिराम यांनी उन्हासाठी नेली होती. फोटोत प्रत्येक छत्रीची सावली स्पष्ट दिसते आहे. भर पावसात सावली पडल्याचा हा बहुधा जागतिक विक्रम असावा, तो मात्र विक्रमांच्या पानावर घ्यायचा राहिला आहे.

६. आता मुख्य दुखणे. आमच्या महसूल मंडळाचे पर्जन्यमापक कित्येक महिने बंद आहे. त्यात एका चिमणीने घरटे केले आहे व तिला पावसाची अडचण आजवर झालेली नाही. मापक बंद असल्याने टंचाई पाहणाऱ्या कार्यालयाने आपल्या पुस्तिकेची नोंद ग्राह्य धरली. नोंद आंतरराष्ट्रीय, तिच्यावर परदेशी सही. त्यापुढे आमच्या वस्तीचे अंगठे कसे टिकणार? मंडळापुढे ‘पाऊस : पुरेसा’ असा शेरा पडला आणि टँकर बंद झाला. दुष्काळात तेरावा महिना येतो हे आम्ही ऐकून होतो. आमच्या दुष्काळात पाऊससुद्धा पडून गेला. वर सल्ल्याचे पत्र आले की अवकाळी पावसात मेंढरे ओली राहू देऊ नयेत. या सल्ल्याचे आम्ही काटेकोर पालन करीत आहोत.

७. मी टंचाई कार्यालयात गेले. तेथील साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले व मैदानाची नोंद बदलून आणा, लगेच टँकर सोडतो, असे सांगितले. मी आपल्या कार्यालयात आले. श्री. शरणप्पा यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. वस्तीचे उपकार विसरलो नाही असेही म्हणाले, आणि ते खोटे नसावे, कारण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खेळपट्टी आपल्याच चुकीने भिजली असे लिहिले तर मैदानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा जाईल, ही त्यांची अडचण आहे. शेवटी ते म्हणाले, “बाई, एवढा पाऊस काढला तर आमच्या मैदानाच्या इतिहासात ऱ्हातंय काय?” मी घरी येऊन पुस्तिका पुन्हा वाचली. त्यांचे म्हणणे खरे आहे. सर्वाधिक धावसंख्या निरंक, नीचांकी धावसंख्या निरंक, सर्वाधिक बळी निरंक. या मैदानावर आजवर एकच गोष्ट घडली आहे, ती म्हणजे पाऊस, आणि तीही घडलेली नाही.

८. महोदय, आम्ही तीन खेपांची भरपाई मागत नाही. दिलेले पाणी परत मागण्याची आमच्यात रीत नाही. पण जे पाणी आम्ही तहान मारून पाहुण्यांसाठी दिले ते आभाळाच्या नावावर मांडले गेले आणि त्याच पाण्याने आमचा टँकर तोडला, याचा मला फार राग आला आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाणीच्या पाण्याने दोन कोकरे दगावली. सासूबाई अर्धा तांब्या पितात आणि तहान नाही म्हणून उरलेला माझ्याकडे सरकवतात. त्यांचे खोटे मला कळते, माझे त्यांना कळते, आणि तांब्या मधेच राहतो. हे मला रोज बघवत नाही.

९. तरी पुढीलपैकी एक तरी मान्य व्हावे. ‘पावसामुळे’ हा शब्द काढून ‘कोरेवस्तीने दिलेल्या पाण्यामुळे’ असे लिहावे. ते शक्य नसल्यास सदर पाऊस फक्त खेळपट्टीपुरता पडला व सीमारेषेबाहेर त्याचा थेंबही गेला नाही, असा दाखला द्यावा. तेही शक्य नसल्यास दुसरा आंतरराष्ट्रीय सामना लवकर ठरवावा, म्हणजे निदान टँकर आमच्या दारावरून जाताना तरी दिसेल.

१०. आपल्याकडून उत्तर नाही, हे मी काल सासूबाईंना सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “पाऊस पडला म्हन्त्यात तर पडला आसंल. कुटं पडला तेवडं इचार की, मेंढरं घिऊन तितं जाऊ.” वस्तीला हे पटले. पाऊस पडल्याचे लेखी ठिकाण आमच्या मंडळात एकच आहे. सबब, येत्या सोमवारी, दि. २२ एप्रिल रोजी सकाळी, वस्तीतील सर्व माणसे सर्व शेळ्या-मेंढ्यांसह आपल्या मैदानावर येत आहोत. मुख्य दार उघडे ठेवावे. मेंढरांना तिकीट खिडकीची सवय नाही. आंदोलन, मोर्चा असे काही समजू नये. आम्ही पाहुणे म्हणून येत आहोत, आपल्या कमानीखालूनच येऊ. पाहुणे आल्यावर आधी काय करायचे ते आपणांस ठाऊक आहेच. मार्चमध्ये आम्ही ते करून दाखविले आहे.

आपल्या निर्णयाची, आणि त्याआधी पाण्याची वाट पाहणारी, नम्र,

(सही)
सौ. विजयमाला जोतिराम सरगर

(अंगठा)
श्रीमती मायाक्का गुंडा सरगर

सोबत :
१) पुस्तिकेच्या पान ९ ची प्रत, सावल्यांवर खुणा करून.
२) टँकरवाला अजिनाथ याचा जबाब.
३) मेंढरे ओली राहू न देण्याबाबतचे सल्लापत्र.
४) हंडा, रिकामा (समक्ष आणू).

टीप : सोमवारी पाऊस आल्यास कार्यक्रम रद्द समजावा.