तीन पानांचं रोप

करमाड,
रविवार

प्रिय नाना,

तू बाग विकायला काढलीस, हे मला शेजारच्या बन्सीकडून कळलं. सख्ख्या बहिणीला स्वतःच्या तोंडानं सांगायला जड गेलं असेल तुला. असो. मी बरी आहे. विचारलं नाहीस तरी सांगते.

उत्तरेकडं डोंगरातल्या रोपवाटिकेत तुला नोकरी लागली, तेव्हा रुमालात बांधून बिया आणल्या होत्यास, आठवतं का? माय मोसंबी आणि बाप बर्फातही तगणारं काटेरी तीनपानी लिंबू, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलंस. एकेका बीतून दोन-तीन कोंब येतील, एकपानी असतील ती नुसती मायेची नक्कल, ती उपट. ज्याच्या पानाला तीन दळं, तेवढाच खरा संकर. एवढं शिकवून तू निघून गेलास. नवरा वारल्यावर मी नुकतीच माहेरी आले होते, लागले कामाला. मेली तीनपानी रोपंच मरतुकडी निघायची आणि उपटायची ती जोमदार! जीव तुटायचा, पण उपटली.

आणि आपल्या आईनं काय करावं? मी मावशीच्या आजारपणात वैजापूरला गेले, इकडं श्रावण लागला. तीन दळं आणि काटे बघून आईला वाटलं, दारात बेल उगवला! दर सोमवारी खुडून महादेवाला वाहिला. परत येऊन बघते तर वाफ्यात नुसत्या काड्या, आणि देवळात पिंडीवर लिंबाचा वास. पुजाऱ्यालाही कळलं नाही. मी रडले तर आई माझ्यावरच रुसली, देवाला वाहिलेलं काय मोजतेस म्हणून. एकच रोप वाचलं. तुला कळवलं, तर तू पोट धरून हसलास आणि दुसऱ्या बिया पाठवतो म्हणालास. त्या अजून येताहेत.

त्या झाडाला फळ धरलं तेव्हा आई राहिली नव्हती. फळ लई कडू, तोंडात धरवेना. तरी त्याच्या बिया लावल्या, पुन्हा एकेक पान बघितलं, तीनपानी तेवढी ठेवली आणि त्यांच्या खुंटावर आपल्या मोसंबीचे डोळे बांधून कलमं केली. यंदा माघात दव गोठलं. शिवारातल्या मोसंब्या करपून गेल्या, आपली बाग हिरवीगार. नानासाहेबांनी थंडीवर तोडगा काढला, असं गाव म्हणतं, आणि तूही गिऱ्हाइकाला तेच सांगतोस म्हणे. त्या बागेत तू कधी एक आळं तरी केलंयस का रे?

मंगळवारी रजिस्ट्रीला यायचं, हक्कसोडीवर सही करायची, अक्कासाठी भारी साडी घेतलीय, हा निरोपही बन्सीनंच दिला. बहिणीनं वाटा सोडायचा आणि लुगडं घेऊन गप बसायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. आत्यानं तेच केलं, नंतर भावाच्या दारात तिला कुणी पाणी विचारलं नाही. या बागेशिवाय मला दुसरं दार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यानं फोन झाला नाही. मी सही करणार नाही, नाना. साडी वहिनीला नेसव. बन्सीच्या हाती त्या पहिल्या झाडाचं एक फळ पाठवतेय, चाखून बघ. त्याच्याच रोपांच्या मुळावर इतकी वर्षं तुला गोड मोसंबी मिळाली. मंगळवारी बागेला पाण्याची पाळी आहे. मी तिथंच असेन.

तुझीच, अजून तरी,
अक्का