गिटारीचे तडे आणि कंपनीचा माणूस

अड्याळ, १४ एप्रिल १९८४
गिटारीच्या पॉलिशवर तडे. मोजले. एकोणीस. पार्सल येऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. अजून एकही गाणं बसलं नाही, ते यामुळेच. गॅरंटी कार्ड एक वर्षाचं आहे. कंपनी मेली आता.

१५ एप्रिल
मंदा म्हणाली, तापल्या पत्र्याखाली ठेवून राहिले तुमी, तं तडकन नाही तं का? बायकोला सायन्स कळत नाही. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, व्हार्निश मला कळतं. रजिस्टर पत्र टाकलं. 'धडा शिकवीन'खाली दोन रेघा.

२ मे
उत्तर आलं. गॅरंटी लाकडाची आणि जोडांची, पॉलिशची नाही. उन्हाची जबाबदारी ग्राहकाची म्हणे! आता सूड. रोज एक जहाल पत्र.

९ मे
दोन पत्रं झाली. गर्मी फार.

१७ मे
घाबरले! रविवारी नागपूरहून कंपनीचा माणूस येतोय. एकट्यात भेटणारच नाही. गावासमोर नाक कापायचं. हेडमास्तर भोजराज सर आणि बँडवाला सेवकराम यांना साक्षीला बोलावलं. भाषण पाठ.

२० मे, सकाळी ८
अंगणात साठ माणसं. सतरंज्या कमी पडल्या. बिचाऱ्याची थोडी दया येते.

२० मे, संध्याकाळ
टकला, शांत माणूस. तड्यांवरून नख फिरवलं, आत टॉर्च मारला. लाकूड साबूत आहे म्हणाला. मी ओरडलो, आवाज बिघडलाय! तो म्हणाला, मास्तर, वाजवून दाखवा. मी म्हणालो, बोट दुखतं.
मग त्याने खुंट्या पिळल्या आणि स्वतःच वाजवली. अर्धा तास कोणी खोकलंसुद्धा नाही. सेवकराम डोळे पुसत म्हणाला, मले अशीच पायजे, तडे असले तरी चालन. भोजराज सरांनी शाळेसाठी दोन सांगितल्या. मी भाषणाला उभा राहिलो. मंदा म्हणाली, बसा ना, अजून एक वाजवून राहिले ते.
जेवूनच गेला. जाण्याआधी मंदाने त्याच्याकडून एक चाल शिकून घेतली.

२७ मे
गिटार आता माजघरात. मंदा रोज बसते, शेजारच्या बाया ऐकायला येतात. आज मला ताल धरायला बसवलं. दोनदा चुकलो. उद्यापासून त्या बायांतल्या कुंताबाई धरणार आहेत.