कांताच्या खोकल्यावर माझे उपचार

१९ नोव्हेंबर, रविवार

संभाजीनगरचं दोन दिवसांचं शिबिर आटोपून भोकरदनला परत आलो. होमिओपॅथी समजली. मुळात सोपी आहे. पोरं उगाच कॉलेजात वर्षं घालवतात. येताना औषधांची पेटी आणि एक जाड पुस्तक आणलं. हायस्कूलमधून रिटायर झाल्यापासून जो तो विचारतो, सर, सध्या काय करून राह्यले? आता उत्तर आहे. समोरच्या खोलीत दवाखाना. फी घ्यायची नाही, म्हणजे डिग्रीचा प्रश्नच येत नाही.

संकल्प: रोज पहाटे वाचन. सुरुवात खोकल्याच्या प्रकरणापासून, कारण पेशंट घरातच आहे. बायको दसऱ्यापासून खोकते.

२० नोव्हेंबर

पहाट हुकली. दुपारी वाचलं. काय शास्त्र आहे! बाकीच्या डॉक्टरांना सगळे खोकले सारखेच. आपल्याकडे प्रत्येक खोकल्याला स्वभाव असतो. हालचालीने वाढणारा कोरडा खोकला, ब्रायोनिया. आडवं पडलं की उसळणारा, ड्रॉसेरा. कुत्र्यासारखा भुंकणारा, स्पॉन्जिया. कांताला उत्साहाने वाचून दाखवलं. म्हणाली, ते असू द्या, जरा खिडकी उघडा.

२२ नोव्हेंबर, सकाळी १०

आज रीतसर केस घेतली. ती स्टुलावर, मी खुर्चीवर. शिबिरात सांगितलंय, आजाराला नव्हे, माणसाला औषध द्यायचं. त्यासाठी माणसाचा स्वभाव विचारावा लागतो. लग्नाला तीस वर्षं झाली, त्यामुळे स्वभाव मला पाठ आहे. पण नियम म्हणून विचारलं.

गोड आवडतं की तिखट? म्हणाली, तुम्हाला जे लागतं ते करते, माझं कधी पाह्यलंच न्हाई. (आवडनिवड: नाही.)

रडू येतं का? म्हणाली, आधी यायचं. (म्हणजे औषध सुरू होण्याआधीच सुधारणा.)

कोणी समजूत घातली तर बरं वाटतं की त्रास वाढतो? म्हणाली, कोणी घातली असती तर सांगितलं असतं. (उत्तर अपूर्ण.)

एकटं राहायला आवडतं का? यावर ती पहिल्यांदाच विचार करून बोलली. म्हणाली, तुम्ही शिबिराला गेल्ते ना, ते दोन दिवस लई बरे गेले.

हे फार महत्त्वाचं लक्षण! एकटेपणाने आराम, घरच्यांविषयी उदासीनता: सेपिया. पुस्तकात शब्दाला शब्द जुळतं. आनंदाने चहा मागितला. ती उठली, खोकली, आणि चहा टाकला.

२५ नोव्हेंबर

सेपिया सुरू. पथ्य: कांदा, लसूण, आलं, कॉफी बंद. तिने विचारलं, मग भाजीत घालायचं काय? म्हणालो, श्रद्धा. तिला विनोद कळला नाही.

मी संध्याकाळी स्टँडवर कांदाभजी खाल्ली. मी पेशंट नाही.

२ डिसेंबर

समोरचा रखमाजी किराणावाला सर्दी-खोकला घेऊन आल्ता. गोळ्या दिल्या, चार दिवसांत मोकळा! त्याला म्हणालो, पाह्यलं का? तो म्हणे, सर, तसाही उतरतीलाच लागला होता. गरीब माणूस, भिडस्त आहे.

कांताचा खोकला वाढला. घाबरायचं काही कारण नाही. औषध लागू पडलं की आजार आधी उसळी मारतो. शिबिरात हे स्पष्ट सांगितलं होतं. तिलाही स्पष्ट सांगितलं. म्हणाली, वाढला तर औषध चांगलं, कमी झाला तरी औषध चांगलं, मंग वाईट कधी म्हणायचं? अशा प्रश्नांनी पेशंटचं नुकसान होतं.

१४ डिसेंबर

सेपिया बदलून ड्रॉसेरा. संध्याकाळी तिला कसकस असते. ब्लाउज सैल झालेत. रखमाजी म्हणाला, वहिनी फार उतरल्या. मी म्हणालो, कांदा सोडल्यामुळे शरीर हलकं होतं.

२० डिसेंबर

स्टँडजवळ डॉ. प्रियदर्शनी म्हणून एका मुलीने होमिओपॅथीचा दवाखाना टाकलाय. डिग्रीवाली. म्हटलं, केसवर चर्चा करू, तिलाही शिकायला मिळेल. सेपिया का दिलं, ते मी सविस्तर सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, काका, खोकला दोन महिने आहे? ताप येतो? वजन उतरलंय? मंग मी आत्ता गोळ्या देणार नाही. आधी थुंकी तपासा आणि छातीचा फोटो काढा. उद्याच काढा. टीबी नाही ना, हे बघायला पाहिजे.

स्वतःच्या शास्त्रावर हिचाच विश्वास नाही! नवीन पिढी. शिवाय "काका" म्हणाली. अख्खं गाव सर म्हणतं.

घरी काही बोललो नाही. पेशंटच्या मनात भीती घातली की औषध चालत नाही.

१ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प: कांताला होळीपर्यंत ठणठणीत करणे. दवाखान्याचा बोर्ड रंगवायला दिला.

१५ जानेवारी

मुलगी भावना संक्रांतीचा फोन करताना म्हणाली, अण्णा, आईचा आवाज किती खोल गेलाय, जालन्याला पाठवा, इथं दाखवू. म्हणालो, केस माझ्या हातात आहे. मधेच डॉक्टर बदलला की सगळं बिघडतं. कांता शेजारीच उभी होती. फोनसाठी तिने हात पुढे केल्ता, पण तोवर मी ठेवून दिला होता.

४ फेब्रुवारी, सकाळी

कांताने पदर दाखवला. खोकताना रक्त पडलं. थोडंच.

पुस्तक काढलं. खोकल्यात रक्त, संध्याकाळी त्रास, अंग वाळणे: फॉस्फरस! इतके दिवस चित्र स्पष्ट नव्हतं, आता झालं. तिला म्हणालो, आता बरोबर औषध सापडलं.  ती पदर धुवायला गेली.

५ फेब्रुवारी

कांताने रखमाजीच्या दुकानातून भावनाला फोन केला. घरात माझा फोन असताना. रखमाजीनेही मला विचारलं नाही.

६ फेब्रुवारी

भावना सकाळच्या बसने आली.  आईला आधी डॉ. प्रियदर्शनीकडे नेलं, कारण तोच दवाखाना उघडा होता. तिथे ती मुलगी म्हणे एकदम बोलून गेली, अहो, मी काकांना डिसेंबरातच तपासायला सांगितलं होतं.

दोघी परत आल्या. भावना बॅग भरत होती. कांता माझ्यासमोर येऊन उभी राह्यली आणि म्हणाली, तिनं तुम्हाला सांगितलं होतं? मला का न्हाई बोलले?

माझ्याकडे उत्तर होतं. पण त्यांची जालन्याची बस लागली होती.

११ फेब्रुवारी

टीबी निघाला. उजव्या बाजूला जास्त. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू. भावना फोनवर म्हणाली, डॉक्टर म्हणतात आधी आणलं असतं तर एवढं पसरलं नसतं. मी विचारलं, फॉस्फरस सोबत चालू ठेवलं तर? तिने फोन ठेवला.

माझीही तपासणी करायला लावली. काही निघालं नाही. माझी प्रकृतीच तशी आहे.

१० मार्च

जालन्यात मस्तगडला भावनाच्या घरी जाऊन आलो. कांता पलंगावर टेकून भाकरी-वांगं खात होती, वर कच्चा कांदा. मी म्हणालो, बघ, माझ्या औषधांनी शरीर आधी तयार करून ठेवलं, म्हणून या गोळ्या इतक्या जल्दी लागू पडल्या. जावई उठून बाहेर गेले. कांता जेवत राह्यली. म्हणाली, कांदा लई गोड आहे.

२८ मे

स्वयंपाकाचा डबा लावला. भाजी पाणीदार. समोरच्या खोलीत बोर्ड भिंतीला उलटा टेकवून ठेवलाय, ऊन लागून रंग जाऊ नये म्हणून. पेशंट येत नाहीत. गावात बातमी फिरली. लोकांना शास्त्र नको, गप्पा पाहिजेत.

१८ ऑगस्ट

भावनाचा फोन. कोर्स पूर्ण झाला. तपासणीत काही नाही. वजन भरलं. आई बरी झाली, म्हणाली. मी म्हणालो, मग घ्यायला येतो. ती म्हणाली, या.

संकल्प: कांताला आणल्यावर तिच्यासमोर पुस्तक उघडायचं नाही. निदान पहिला आठवडा.

१ सप्टेंबर, रविवार

जालन्याला गेलो. एक साडी घेतली. रंग कोणता आवडतो ते आठवेना, दुकानदाराने दिला तो घेतला.

भावनाच्या दारातच हसणं ऐकू आलं. कांता शेजारच्या अजीजुन्निसाबाईंबरोबर गवार निवडत होती आणि काहीतरी ऐकून अशी हसत होती की डोळ्यांतून पाणी. मी ते हसणं ओळखलं नाही, आधी वाटलं दुसरंच कोणी आहे. मला पाहून थांबली. अजीजुन्निसाबाई उठून गेल्या.

म्हणालो, चल, आवर, तीनची बस आहे. म्हणाली, मी येत न्हाई. विचारलं, कधीपर्यंत? म्हणाली, येतच न्हाई. मी म्हणालो, राग समजतो मी, पण आता तू बरी झालीस. ती म्हणाली, म्हणूनच. आजारी होते तेव्हा ताकद नव्हती, न्हाईतर तेव्हाच गेले असते.

आवाज चढवला नाही, रडली नाही. मला पाणी दिलं. मी प्यायलो. भांडं आत घेऊन गेली ती परत आली नाही. भावनाने साडी ठेवून घेतली.

बसमध्ये मनात बरंच काही जुळवलं, तिला काय काय सांगायला पाहिजे होतं ते. भोकरदन आलं तोवर त्यातलं बरंचसं विसरलो.

घराचं कुलूप काढत होतो. रखमाजीने दुकानातून हाक मारली, सर, वहिनींना आणायला गेल्ते ना? कुठंयत?

म्हणालो, औषध चालू आहे अजून.