दोन्ही पडद्यांवर बदकं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. शुक्रवारी ग्राहकांसमोर डेमो. साहेब रिटायर होतायत, डेमो जमला की लॅबप्रमुख मीच. तसा शब्दच दिलाय त्यांनी. (म्हणाले, ‘बघू’.)
काम किरकोळ. एकाच फायबरमधून दोन सिग्नल जातात, एक उभा, एक आडवा. वाटेत त्यांची सरमिसळ होते. माझा प्रोग्राम रिसीव्हरमध्ये त्यांना वेगळं करतो. म्हणजे करील.

मंगळवार, ५ मार्च
सिग्नल नीट सुटा झाला की स्क्रीनवर चार ठिपके दिसायला हवेत, दिसतो नुसता धुरळा. दोष फायबरचा. ज्युनिअर म्हणाली, सर, फायबर बदलून पाहिली, तेच येतंय. मग दोष खुर्चीचा. पाठ दुखते.
घरी सांगून टाकलं, शुक्रवारपासून मी प्रमुख. बायको म्हणाली, आधी नळाचा वायसर बदल.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ४.४०
जमलं! दोन्ही आउटपुटवर चार-चार ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे. दोन्हीकडे अगदी हुबेहूब! ज्युनिअरचं तोंड वाकडं. म्हणे, प्रोग्राम कधीकधी दोन्हीकडे एकच सिग्नल पकडतो आणि दुसरा हरवतो. दोन्ही सिग्नलवर वेगवेगळा मजकूर पाठवून बघू या का? म्हटलं, डोळ्यांना दिसतंय ते काय तपासायचं? पोरीला माझं बघवत नाही. माफ केलं. प्रमुखाने मन मोठं ठेवावं.

गुरुवार, ७ मार्च
चाचणी करणार होतो, पण भाषणात दिवस गेला. ‘हे यश टीमचं आहे’ असं वाक्य घातलं. लांबी वाढते म्हणून काढलं. वायसर उद्या.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी १.१५
भाषण उत्तम झालं. मग ग्राहकांनी आपले दोन व्हिडिओ दिले. एका सिग्नलवर तळ्यातली बदकं, दुसऱ्यावर त्यांच्या अध्यक्षांचा संदेश.
दोन्ही पडद्यांवर बदकं. चित्र मात्र सुरेख.
अध्यक्ष समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, मी कुठाय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फायबरकडे. ज्युनिअर उठली, प्रोग्राममध्ये दुसऱ्या आउटपुटची सुरुवात पहिल्याच्या काटकोनात करून दिली, म्हणजे दोन्ही एकच सिग्नल पकडणार नाहीत. दोन मिनिटांत अध्यक्ष अवतरले. टाळ्या. मीही वाजवल्या.

सोमवार, ११ मार्च. संध्याकाळी ६.३०
नव्या लॅबप्रमुखांनी मीटिंग घेतली. अजूनही मला सर म्हणते. म्हणतात.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. आज घरी सांगायचंच, असं ठरवून जिना चढलो. दारावर लेकीने लाल रंगात पाटी रंगवून लावली होती: ‘लॅबप्रमुख बाबा’. काढायला गेलो तर ओरडली, बाबा, हात नका लावू, रंग ओला आहे!
वाळला की सांगतो.