डाव्या पंखावरची सही

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला उतरला का? आईचा गुडघा जिना चढू देतो का? थोरल्याची पाठ कशी आहे, की अजून फळीसारखा ताठ चालतो? आणि आपल्या हेलिकॉप्टरची डावी बाजू कशी आहे? सगळ्यांत जास्त घोर मला तिचाच लागलाय.

मी खाली सही करणारा, वय सदुसष्ट, धंदा फिटर, शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं पान्या-हातोड्यानं शिकवलेलं. उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहितो. मात्र माझ्या मरणाची वाट न पाहता ते हाती पडताच वाचावं.

कलम पहिले. राहतं घर तुझ्या आईचं. तिच्या हयातीत ते विकू नये, आणि थोरल्याने तिला न विचारता भिंतींना रंगही लावू नये. मागचा पोपटी मी विसरलेलो नाही.

कलम दुसरे. पान्यांची पेटी भिंगरीला. थोरल्याने रुसू नये. स्क्रू कुठल्या बाजूला पिळायचा हे त्याला अजून विचारावं लागतं. सायकल त्याची.

कलम तिसरे. हे नीट वाच. आपल्या यंत्राला वरचं पातं उचलतं आणि दोन आखूड पंखांवरचे प्रोपेलर पुढे ओढतात, म्हणून तर एवढा वेग. डावा प्रोपेलर फिरवणारा दांडा पंखाच्या पोटातून जातो. त्याच्या बेअरिंगखाली पातळ चकत्या घालून तो सरळ रेषेत आणायचा, नाहीतर वेगात दांडा तुटतो. चकत्या मायक्रोमीटरने मोजायच्या, असा नियम. मी मात्र चाळीस वर्षं चिमटीत धरून जाडी सांगत आलो आणि लोक मागाहून मोजून माना डोलवत. गेल्या महिन्यात डाव्या बाजूला तसंच केलं. तपासणीच्या कागदावर ‘मोजले’ लिहिलं, सही ठोकली. दुसरी सही करणाराही “काकांनी बघितलंय ना, मग झालं” म्हणत सही करून गेला.

आज सकाळी नर्सबाईंनी चहाचा पेला दिला. मी तो धरून गप्पा मारत बसलो. त्या ओरडल्या, “अहो बाबा, सोडा तो! बोटं भाजली तुमची!” बघतो तर अंगठ्याला फोड. मला पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेनं बोटांची जाणीव गेलीय, वर्ष तरी झालं असेल.

लगेच तुला फोन केला. “बाबा, ऑपरेशनच्या धास्तीनं काहीबाही सुचतंय तुम्हाला. तुमचा अंगठा कधी चुकलाय का?” म्हणून हसलीस. पोरी, तो अंगठा मेलाय, आणि त्याच्याच भरवशावर शुक्रवारी तू सगळ्यांत वेगाची चाचणी उडवणार आहेस.

सहीनं दिलेलं सहीनंच परत घ्यावं लागतं. तपासणीची ती सही मी या कलमाने रद्द करतो. डावा पंख उघडा, चकत्या मोजा, मगच उडा.

कलम चौथे. मुख्य इंजिनियर, ज्यांना मीच ‘दशांश’ हे नाव ठेवलं, त्यांच्याशी अठरा वर्षांचं वैर. ते म्हणाले होते, “काका, अंगठ्याला आकडे नसतात.” मी निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मायक्रोमीटर भेट दिला, टोमणा समजून मी डबीही उघडली नाही. पुढे मला परत कामावर बोलावलं तेही त्यांनीच. वैर आजपासून संपलं. तो मायक्रोमीटर तुला. घरी कपाटात आहे, आईकडून मागून घे. पहिलं माप त्यांच्यासमोर घे. चकती चुकीची निघाली तर माझं नाव मोठ्यानं सांग. बरोबर निघाली तरी सही रद्दच.

दशांशांना फोटो चालत नाही, शाईची सही लागते. म्हणून नर्सबाईंचे यजमान उद्या गाडी घेऊन तिकडे येताहेत, त्यांच्या हाती हा कागद देतो.

साक्षीदार पहिले: शेजारच्या खाटेवरचे शिंपीकाका. (म्हणतात, “म्हणून मी जन्मभर टेप गळ्यात घातली.”) सही.

साक्षीदार दुसऱ्या: नर्सबाई. सही.

लिहून देणार: तुझा बाप. अंगठ्याला पट्टी आहे, सही वाकडी आलीय, पण माझीच.

पुरुष वॉर्ड, खाट नऊ. बुधवार, दिवेलागणीच्या आधी.

ता. क. उद्या शुद्धीवर आलो की आधी तुझ्या पत्राची चौकशी करीन. जास्त काही नको, मोजलेला आकडा तेवढा लिही. लवकर लिही.