हानाबाईंच्या गावची मेणबत्ती

मेलबर्न

प्रिय विजूस, ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, गुडघाही कुरकुरत नाही. मेडशीत ऊन फार असेल, दुपारी बाहेर पडू नकोस.

शेजारच्या हानाबाई गेल्याचं फोनवर सांगितलंच होतं. हिटलरच्या छावण्यांतून वाचलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची इथे संस्था आहे, मीच त्यांना तिथे नेत असे. ज्या गावांतली माणसं मारली गेली, त्या प्रत्येक गावासाठी तिथे दरवर्षी एक मेणबत्ती ठेवतात. लावायची मात्र त्याच गावच्या माणसाने. हानाबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यांच्या गावचं आता कुणीच नाही.

कॉन्व्हेंट शाळेच्या चॅपलमध्ये आपण कुणाच्याही नावाने मेणबत्ती लावत होतो, म्हणून काल तिथल्या कार्यक्रमात त्यांच्या गावच्या मेणबत्तीसाठी मीच काडी ओढली. म्हाताऱ्या अध्यक्षांनी हात धरला. "तुम्ही त्या गावच्या नाही."

"नियम पाळायला गाव तरी कुठे उरलंय?" मी सर्वांदेखत सुनावलं.

"माझ्या गावचाही मी शेवटचाच आहे," ते म्हणाले आणि रडू लागले.

मी काडी विझवली. मेणबत्ती तशीच राहिली.

तू म्हणशील, "ताई, तुले काय करायचं त्यांचं?" काही नाही गं. आईच्या फोटोपुढे दिवा लावतेस ना? लावत जा. अजून आपण दोघी आहोत.

तुझी,
निताताई