बोरीच्या बाजारातला धक्का

दारव्हा, गुरुवार, १९५९

तेरवीचं सामान आणायला आज बोरीला जावंच लागलं. दादा त्याच बाजारात मारला गेला. कोणाचा तरी धक्का लागला, हा उलटून बोलला आणि डोक्यात काठी बसली. म्हणून निघताना आई म्हणाली, "कोणी काही म्हटलं तं मान खाली घालजो अन् निंघून येजो." मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घट्ट ओढून मी कडेकडेनं चाललो.

तरी धक्का लागलाच. "दिसत नाही का बे तुले?" म्हणत एकानं ढकललं. टोपी पडली.

"चुकलं भाऊ," मी म्हणालो.

माझं डोकं पाहून तो एकदम नरमला. टोपी झटकून हातात दिली. "कोण गेलं?"

"थोरला भाऊ."

"काय झालतं त्यायले?"

मी टोपी घालून निघालो.

घरी आईनं टोपी काढून डोकं चाचपलं, कुठं लागलं तर नाही म्हणून. "असाच येत जाय बापा," म्हणाली आणि रडत बसली.

दादाचंही डोकं असं असतं, तर काठी उचलणारा नरमला असता का? पण तेव्हा आमच्या घरी कोणी मेलं नव्हतं.